मांडीवरची खळी

गेल्या पावसाळ्यात ठाण्याला भावाकडे महिनाभर मुक्काम ठोकून होते. भावजयीची दुसरी खेप. मालिशीला सकाळी साडेसातला एक मावशी यायच्या. आल्या आल्या पदर खोचायच्या, पातेल्यातल्या कढत पाण्यात तेलाची वाटी ठेवायच्या आणि तेल कोमट होईस्तोवर चहा घ्यायच्या. तिसऱ्या आठवड्यात भावजयीनं कपाटातून एक बाटली काढून त्यांच्या हातात दिली. काचेची, पंपाची, वर पपनसासारख्या फळाची फोड आणि रोझमेरीची काडी छापलेली. किंमत अठराशे रुपये, तेल शंभर मिली. "मावशी, मांड्यांना आजपासून हे लावा."

मावशींनी एक थेंब घेतला, अंगठा आणि तर्जनीत चोळला, नाकाशी नेला. "वास बरा आहे. पण यानं हात सरायचा नाही. चटकन जिरतंय."

भावजयीनं गाऊन जरा वर ओढून मांडीवरचे खड्डे दाखवले. यानं ते जातात, असं बाटलीवर लिहिलंय म्हणाली. मावशी वाकून बघत राहिल्या. भावजय जे दाखवत होती ते त्यांना दिसेना. मग म्हणाल्या, "या खळ्या होय? अहो ताई, बाईमाणसाच्या मांडीला खळ्या पडायच्याच. मला आहेत, माझ्या सुनेला आहेत. आणि सून तर नुसती काडी आहे."

खळी हा शब्द मला तेव्हापासून चिकटला. गालावर पडली की तिच्यावर माणसं जीव टाकतात, बाळाच्या गालावर दिसली की दृष्ट काढतात. तीच मांडीवर पडली की तिच्यासाठी अठराशेची बाटली येते. आणि गंमत अशी की दोन्ही खळ्यांची बांधणी पुष्कळशी सारखी असते. गालावरची खळी बहुतेकदा एका स्नायूच्या वेगळेपणातून येते. हसताना ओठाचा कोपरा वर खेचणारा स्नायू काही जणांत दुभागलेला असतो, त्याचे धागे कातडीला आतून धरून ठेवतात आणि हसलं की तेवढी जागा आत ओढली जाते. मांडीवर हे काम स्नायू करत नाही, तंतूंचे पडदे करतात. कातडीपासून खालच्या स्नायूच्या वेष्टनापर्यंत ते ताणलेले असतात आणि त्यांच्या मधल्या कप्प्यांत चरबी भरलेली असते. कप्पा फुगतो, पडदा मात्र लांबत नाही. गादीला टाके घालून कापूस जागेवर बसवतात, तेव्हा टाक्याच्या जागी जो खड्डा पडतो, तोच हा प्रकार. शल्यविशारद गालावर टाका घालून खळी करून देतात आणि मांडीवर कातडीखालचा तंतू कापून खळी मोडूनही देतात. दोन्हींचे पैसे घेतात.

बायकांतच हे का दिसतं, याचं उत्तर १९७८ साली नर्नबर्गर आणि म्युलर या दोन जर्मन संशोधकांनी कातडीचे छेद घेऊन दिलं. बायकांच्या मांडीत हे पडदे कातडीला साधारण काटकोनात उभे असतात, त्यामुळे चरबीचे कप्पे वरच्या बाजूला ढुशी देतात. पुरुषांत ते तिरपे, एकमेकांना छेद देणारे असतात, जाळीसारखे, आणि चरबी वर यायला वाव कमी मिळतो. ज्या पुरुषांत पुरुषी संप्रेरकं कमी असतात त्यांनाही खळ्या पडतात. वयात आल्यानंतर ऐंशी ते नव्वद टक्के स्त्रियांत कमीअधिक प्रमाणात हे आढळतं, असा आकडा त्वचारोगाच्या पुस्तकांत सर्रास दिलेला असतो. दहातल्या आठ-नऊ जणींना असलेल्या गोष्टीला विकार म्हणायचं, तर उरलेल्या एक-दोघींना काय म्हणायचं? नर्नबर्गर आणि म्युलर यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच या प्रकाराला 'रचलेला आजार' म्हटलं होतं. तरीही आज त्यांचं नाव निघतं ते खळ्या घालवण्याच्या उपायांवरच्या लेखांत, पहिल्याच परिच्छेदात, आदरानं.

आजार रचला कुणी, याचा माग बराचसा लागतो. या खळ्यांना लावला जाणारा 'सेल्युलाइट' हा शब्द १८७३ सालच्या एका फ्रेंच वैद्यक-कोशात सापडतो, पण तिथे त्याचा अर्थ ऊतींचा दाह असा होता. विसाव्या शतकात तो सरकत सरकत बायकांच्या मांड्यांवर आला. १९३० च्या दशकात फ्रेंच सौंदर्य-मासिकांनी त्याला घरोघरी नेलं. एप्रिल १९६८ मध्ये 'व्होग'नं अमेरिकन वाचकांना हा नवा शब्द शिकवला. तोपर्यंत न उतरणाऱ्या चरबीचं नाव म्हणून त्याची ओळख करून दिली. पाच वर्षांत न्यूयॉर्कला सौंदर्यगृह चालवणाऱ्या निकोल रोन्सार यांचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि खपलं. आधी नाव, मग भीती, मग बाटली, या क्रमानं हे आलं.

त्याआधी युरोपला मांड्यांच्या खळ्या ठाऊक नव्हत्या असं नाही. रुबेन्सचं 'तीन ग्रेसेस' हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, १६३० च्या दशकातलं. तीन विवस्त्र देवता, आणि त्यांच्या मांडी-नितंबांवरची प्रत्येक खळी त्यानं सावली देऊन, जीव लावून रंगवली आहे. फळीवर, तैलरंगात. वनस्पतीच्या तेलाचा या खळ्यांसाठी इतका चांगला उपयोग पुढे कुणाला जमला नाही.

मराठीत या गोष्टीला शब्दच नाही. कातडीच्या बाबतीत आपली भाषा कंजूष नाही. तीळ, मस, चामखीळ, वांग, घामोळं, नायटा, जळवात, टाचेच्या भेगा, पोटावरच्या वळ्या. ज्याची माणसांनी दखल घेतली त्याला नाव पडलं. मांडीच्या खळ्यांना वेगळं नाव पडलं नाही, मावशींनीही गालावरचाच शब्द खाली उतरवला. आता यावरून पूर्वीच्या बायका आपल्या देहावर फार खूश होत्या वगैरे निष्कर्ष काढायचं कारण नाही. नऊवारी पोटरी दाखवते, मांडी दाखवत नाही. घरात पुरुषभर उंचीचा आरसा नव्हता, न्हाणीघरात उजेड नव्हता. आणि गोऱ्या रंगाच्या, पाळीच्या, पांढऱ्या पायाच्या नावाखाली त्यांना छळायला दुसरी पुष्कळ साधनं होती. मला एवढंच म्हणायचंय की ही चिंता आपण पिकवलेली नाही, ती विकत घेतलेली आहे. तेल मात्र आपलं आहे. म्हणूनच चिंतेवर तेल हा उपाय आपल्याला इतका चटकन पटतो.

तेलाबद्दल मला काडीचीही अढी नाही. लहानपणी दिवाळीच्या पहाटे आई कुडकुडत्या अंगाला तेल चोळायची, त्याचा ऊबदार वास अजून आठवतो. आणि तेलाचे खरे गुण सिद्धही झालेले आहेत. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला ढाक्याच्या शिशु रुग्णालयातला प्रयोग घ्या. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचं तेल लावलं, तर रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचं प्रमाण तेल न लावलेल्या बाळांपेक्षा ४१ टक्क्यांनी घटलं. कारण उघड आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी कच्ची असते आणि तेलातलं लिनोलिक आम्ल तिचा बांध भरून काढतं. म्हणजे तेल कातडीच्या वरच्या थराचं काम करतं, आणि ते फार मोलाचं काम आहे. पण खळीचं कारण त्या थरात नसतं.

किती खाली असतं? कातडीचा सर्वांत वरचा, मेलेल्या पेशींचा थर असतो दहा-वीस मायक्रॉनचा, केसाच्या जाडीहूनही कमी. तेलाचा कारभार मुख्यतः एवढ्याच जागेत चालतो. त्याखाली जिवंत पेशींचा थर, त्याखाली मिलिमीटर-दोन मिलिमीटरची चिवट अंतस्त्वचा, आणि मग कुठे चरबी नि ते पडदे. २००० साली बोस आणि मेनार्डी यांनी मांडलेला एक ठोकताळा औषधशास्त्रात अजून वापरतात: ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू शाबूत कातडीतून सहसा आत शिरत नाही. तिळाच्या, बदामाच्या, खोबऱ्याच्या तेलातले मुख्य रेणू बहुतेक याहून जड. तिळाच्या किंवा बदामाच्या तेलाचा रेणू साधारण ८८० भरतो. सुगंधी अर्कांचे रेणू हलके असतात, ते थोडेफार आत जातातही. पण आत जाऊन ताणलेला तंतू सैल करण्याची करामत त्यांनी अजून कुणाला करून दाखवलेली नाही. आणि तेल लावल्यानं चरबी 'विरघळते' हे जे म्हणतात, त्यात साधी गफलत आहे. तेल हीच झाडाची चरबी. शरीरातली चरबी पातळ होऊन वाहून जात नाही. संप्रेरकाची खूण मिळाल्यावर विकरं तिचे तुकडे करतात आणि ते रक्तात सोडतात. बाहेरून चरबी चोळून आतली चरबी उतरायची असती तर भजी तळणाऱ्या आचाऱ्याचे हात एव्हाना काटकुळे झाले असते.

मग "मला फरक पडला" असं ज्या बायका म्हणतात, त्या खोटं बोलतात का? मुळीच नाही. फरक पडतो, आणि तो नेमका कशानं पडतो ते बाटलीच्या मागच्या बाजूलाच लिहिलेलं असतं. भावजयीच्या बाटलीवरच्या सूचना मी चष्मा लावून वाचल्या. रोज दहा मिनिटं खालून वर, गोलाकार चोळायचं. भरपूर पाणी प्यायचं. मीठ कमी. रोज चालणं किंवा पायऱ्या चढणं. सोबत समतोल आहार. यातल्या प्रत्येक गोष्टीनं काही ना काही होतं. चोळल्यानं साचलेलं पाणी थोडा वेळ इकडेतिकडे होतं, मीठ कमी केल्यानं सूज उतरते, चालण्यानं खालचा स्नायू भरतो आणि वरची कातडी जरा तणावात येते. तेलानं कातडीचा खरखरीतपणा जातो, तिच्यावर उजेड सारखा पसरतो आणि खळीची सावली फिकी होते. खळी दिसते ती सावलीमुळेच. कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये दिवा बरोबर डोक्यावर असतो, तिथे विशीतल्या मुलीच्या मांड्यासुद्धा घाटासारख्या दिसतात. तीच मुलगी घरी खिडकीसमोर उभी राहिली तर अर्ध्या खळ्या गायब. श्रेय मात्र सगळं बाटलीचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

ही शंका माझी एकटीची नाही. या क्षेत्रातल्या चाचण्यांचं दुखणंच हे आहे की पुष्कळशा चाचण्यांत एका मांडीला तेल लावून चोळतात आणि दुसरीला काहीच करत नाहीत. चोळण्याचा हिशेब वेगळा काढायचा तर दोन्ही मांड्या सारख्याच चोळायला हव्यात. २०१४ साली अशा लेपांवरच्या चाचण्यांचं एक एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. मांडीच्या घेरात सरासरी घट निघाली अर्ध्या सेंटिमीटरच्याही आत. शिंपीकाका टेप जरा आवळून धरतात तेव्हा याहून जास्त घट होते. त्यातही ज्या घटकांच्या बाजूनं थोडा तरी पुरावा आहे ते म्हणजे कॅफीन आणि रेटिनॉल. रेटिनॉल महिनोन्‌महिने लावल्यावर अंतस्त्वचा किंचित जाड होते आणि खळी झाकली जाते. यातलं काहीही घाण्यातून निघत नाही.

व्यापाऱ्यांना हे माहीत नसतं असं समजू नका. त्यांच्या वकिलांना तर नक्की माहीत असतं. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं लॉक्सितान या फ्रेंच कंपनीच्या बदामाच्या दोन लेपांना धरलं. चार आठवड्यांत सव्वा इंचाहून जास्त घेर कमी होतो, असा दावा होता. कंपनीनं साडेचार लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्याआधी २०११ साली निव्हियाच्या मालक कंपनीनं शरीर सडपातळ करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीपायी नऊ लाख भरले. सेलासीन नावाची गोळी तर पोटात घ्यायची होती. गिंको, समुद्रशैवाल, द्राक्षबियांचा अर्क, बहुतेक वनस्पतींचाच मेळा. ती विकणाऱ्या रेक्सॉल सनडाउनला २००३ साली १ कोटी २० लाख डॉलरपर्यंतच्या तडजोडीला कबूल व्हावं लागलं. आकडे मोठे वाटतात खरे, पण या कंपन्यांना ते जड गेले असतील असं वाटत नाही.

त्यानंतर दावे थांबले नाहीत, नुसते शहाणे झाले. आता बाटलीवर 'खळ्या घालवते' असं सहसा नसतं. 'खळ्यांचं दिसणं कमी होण्यास मदत करते' असं असतं. हे वाक्य उलगडून बघा. खळ्या नव्हे, त्यांचं दिसणं. जाणार नाही, कमी होईल. तेल करणार नाही, मदत करेल. एका ओळीत तीन पळवाटा. आपल्याकडेही ही भाषा कायद्याला धरूनच असते. १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतच दिसणं बदलण्याचा उल्लेख आहे. लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची जाहिरात मात्र १९५४ च्या जादुई उपचारांबद्दलच्या कायद्यानं निषिद्ध आहे. त्याच्या ५४ रोगांच्या यादीत लठ्ठपणा नावानिशी आहे. म्हणून 'चरबी' हा शब्द टाळायचा आणि 'दिसणं' हा धरायचा.

या पळवाटेला आपल्याकडे आणखी एक भरजरी पडदा असतो. 'आयुर्वेदात सांगितलेलं'. मला हा पडदा जास्त खुपतो, कारण तो वर करून कुणी बघतच नाही. 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानात दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. त्यात वाग्भट रोज अभ्यंग करायला सांगतात, डोकं, कान आणि पाय विशेष. थकवा जातो, वात शमतो, झोप लागते, कातडी चांगली राहते. मेद वितळतो असं अभ्यंगाच्या गुणांत कुठेही नाही. उलट कफानं ग्रासलेल्यानं, नुकतंच शोधन झालेल्यानं आणि अजीर्ण असलेल्यानं तेल लावू नये, असं स्पष्ट बजावलेलं आहे. मेद वितळवण्याचा आणि अंग घट्ट करण्याचा गुण सांगितलाय तो उद्वर्तनाचा, म्हणजे उटणं रगडण्याचा. आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन, मग स्नान, असा तो क्रम आहे. म्हणजे खळ्यांसाठी 'आयुर्वेदिक तेल' विकणारा ज्या ग्रंथाचा दाखला देतो, तो ग्रंथच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद घातलेलं उटणं चोळून खळ्या जातील असं मी म्हणत नाही. तेच पडदे, तीच खोली, उटणंही वरच राहणार. पण निदान परंपरेचा हवाला द्यायचा तर परंपरा वाचलेली असावी.

आणि 'नैसर्गिक'? हा शब्द ज्यांना आश्वासक वाटतो त्यांनी कधी बिब्बा हाताळला नसावा. बिब्ब्याचं तेल शंभर टक्के नैसर्गिक, वनस्पतीज, कुठलंही रसायन न घातलेलं. कातडीला लागलं की फोड येतात आणि काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. कोकणात काजूच्या बिया भाजताना टरफलातलं तेल उडून हातांचं काय होतं ते तिथल्या बायकांना विचारा. लिंबूवर्गातल्या बर्गमोट फळाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, कारण त्यातला एक घटक उन्हाबरोबर भडकतो. अशा सुगंधी अर्कांनी अंगावर पुरळ उठणं ही त्वचारोगतज्ज्ञांना नित्याची गोष्ट आहे. स्वयंपाकघरातली तेलंसुद्धा सरसकट साधी नाहीत. सरसू आणि ऑलिव्ह या दोन्ही तेलांनी कातडीचा बांध कमकुवत होतो असं प्रयोगांत दिसलंय. वेगळ्या जातीचं कुठलंही तेल पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर वाट बघावी.

इथवर वाचून माझी एखादी मैत्रीण वैतागून म्हणेल, आणि तिचा वैताग मला मान्य आहे: "तिला आवडतंय, तिचे पैसे, तिची मांडी. तुझं काय जातं? आधी बाजार आम्हाला लाजवतो, मग तुम्ही लेखिका आम्ही लाजतो म्हणून लाजवता." हा आक्षेप खरा आहे. खळ्या घालवाव्याशा वाटणं हा गुन्हा नाही, मलाही वाटलंय. पोहण्याच्या तलावाच्या काठावर मी टॉवेल किती सावरून गुंडाळते ते मला माहीत आहे. म्हणून माझा वाद बाटली घेणारीशी नाहीच. वाद त्या करारातल्या खोट्या कलमाशी आहे. तेल म्हणून तेल विका, सुवासाचे अठराशे घ्या, घेणारी घेईल. पण औषध म्हणून विकलंत तर उतार न पडल्याचा दोष रुग्णावर जातो. 'तू नियमानं लावलं नसशील.' 'तू मीठ सोडलं नसशील.' भावजयीनं दहा दिवसांनी हेच म्हटलं, स्वतःलाच. बाळ रात्री चारदा उठतं, ती दोन वेळा जेवते तेही उभ्यानं, आणि वर मांडी न चोळल्याची अपराधी भावना. कातडीवर तेलानं केलेला अपाय दिसतो तरी, हा दिसत नाही.

मग खरा उपाय काय, हे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. तंतू सुईनं कापण्याची पद्धत आहे, काही खळ्या तिनं बराच काळ जातात. तंतू विरघळवणारं एक इंजेक्शन जुलै २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते नितंबांवरच्या खळ्यांसाठी होतं, आणि त्यानं इतके निळे-काळे वण उठत आणि डाग रेंगाळत की २०२२ च्या अखेरीला कंपनीनंच ते बंद केलं. चरबी शोषून काढल्यानं खळ्या जात नाहीत, कधी वाढतात. वजन उतरल्यावर कुणाच्या कमी होतात, कुणाची कातडी सैल पडून जास्त दिसू लागतात. गेल्या पन्नासएक वर्षांत एवढा पैसा ओतूनही हाती लागलंय ते इतकंच.

हात सरायचा नाही, हे मावशींचं पहिलं वाक्य मला नंतर उमगलं. 'चिकट नाही, लगेच मुरतं' ही त्या बाटलीची सगळ्यात मोठी फुशारकी होती, आणि मालिश करणाऱ्या बाईच्या हिशेबी तोच तिचा दोष. मालिशीत तेलाचं काम एकच, हात आणि कातडी यांच्या मध्ये राहणं. ते मध्ये टिकलं तर अंगठ्याचा जोर स्नायूपर्यंत पोचतो, नाही तर कातडी ओढली जाते आणि बाळंतीण कळवळते. म्हणून मावशींनी त्या महागड्या तेलात घाण्याचं तिळाचं तेल सरळ निम्मं ओतलं आणि कुणाला न विचारता तेच वापरलं. भावजयीला पाठ-कंबर हलकी वाटली. मांड्यांचं तिनं पुढे विचारलं नाही.

निघायच्या दिवशी बाटलीत तळाला दोन बोटं तेल उरलं होतं. भावजयीनं ते मावशींनाच देऊन टाकलं. आठवड्यानं फोनवर मी सहज चौकशी केली, तर भावजय म्हणाली, मावशी ते रोज रात्री स्वतःच्या अंगठ्यांच्या बुडाला चोळतात. दिवसाला चार बाळंतिणी केल्या की तिथे ठणका लागतो. वास बरा आहे, झोप लागते म्हणतात.